गैरवर्तन खेळाडूचे, ओळख समाजाची

खेळाडू पंचाच्या अंगावर धावून गेला, उत्तेजक द्रव्य घेताना सापडला किंवा मैदानाबाहेर पोलिसी कारवाईत अडकला, तर त्याच्या कृतीचा निवाडा करण्यासाठी नियमपुस्तिका, शिस्तपालन समित्या आणि न्यायालये असतात. परंतु ही यंत्रणा कागदपत्रे जमवीत असतानाच लोकांच्या मनातला निकाल लागून गेलेला असतो, आणि तो लावताना काय घडले यापेक्षा ते कोणी केले, तो कुठला, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या वर्णाचा, या गोष्टींना अधिक वजन मिळते. अमेरिका आणि युरोपमध्ये या प्रश्नाचा अभ्यास प्रामुख्याने वंशाच्या अंगाने झाला आहे. वंश म्हणजे येथे त्वचेचा रंग आणि चेहरेपट्टी यांवरून माणसांचे गट पाडून प्रत्येक गटाला ठरावीक स्वभाव चिकटवणारी सामाजिक कल्पना होय. भारतात स्वभाव चिकटवण्याचे हेच काम जात, धर्म आणि प्रदेश करतात, आणि त्यात प्रसारमाध्यमांचा वाटा किती असतो हे पाहायचे असेल, तर मराठी वाचकाला फार दूर जाण्याचे कारण नाही. राज्यातील कुस्तीची काही प्रकरणे, त्यात नांदेडशी जोडलेले एक, त्यासाठी पुरेशी आहेत.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागातील निर्णायक लढत नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ यांच्यात झाली. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंतील विजेते गदेसाठी एकमेकांशी भिडतात, त्यामुळे ही लढत हरणे म्हणजे गदा हातून जाणे होते. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम लढतीत सोलापूरच्या महेंद्र गायकवाडने पंचांच्या निर्णयावर आक्षेप घेत काही सेकंदांचा खेळ शिल्लक असताना मैदान सोडले, मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला, आणि महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे व गायकवाड या दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केले. पंचाच्या निर्णयाची चौकशी करण्यासाठीही पुढे समिती नेमण्यात आली.

पंचाला लाथ मारणे हे गैरवर्तनच होते आणि निर्णय चुकला असे मानले तरी त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र त्या रात्रीपासून राज्यभरातल्या मोबाइलवर जे फिरत राहिले, ते काय होते याकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. लाथेची चित्रफीत अवघ्या काही सेकंदांची होती, ती कोणालाही कळत होती आणि तिला कुस्तीचे ज्ञान लागत नव्हते. याउलट, पैलवान चितपट झाला की नाही हे ठरवण्यासाठी दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले का, वरच्या पैलवानाचा ताबा त्या क्षणी पूर्ण होता का, गादीवरचा पंच, बाजूचा पंच आणि पंचप्रमुख यांच्यापैकी कोणाला कोणत्या कोनातून काय दिसले, हे सारे विचारात घ्यावे लागते, आणि ते दाखवायचे तर लाथेच्या आधीचे दृश्य संथगतीने, वेगवेगळ्या कोनांतून दाखवावे लागते. बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली ती लाथ. तिच्या आधीची कुस्ती पोहोचली नाही.

माध्यमशास्त्रात या प्रक्रियेला चौकटीत बसवणे म्हणतात. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट एन्टमन यांनी १९९३ साली केलेल्या मांडणीनुसार वृत्तांकन करणारा वास्तवातील काही बाजू निवडतो आणि त्या ठळक करतो, आणि या निवडीतूनच समस्या कोणती, तिचे कारण काय, दोष कोणाचा आणि उपाय कोणता, हे वाचकाला सुचवले जाते. चौकट खोटी असावी लागत नाही. लाथ खरीच होती. पण खऱ्या घटनेचा कोणता तुकडा पुढे आला, यावर वाचकाचा कौल फिरतो.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर परिसरातला आणि स्पर्धेत तो नांदेडचे प्रतिनिधित्व करीत होता. राज्य कुस्तीत पैलवानाने दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरणे ही रुळलेली वाट आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचा सिकंदर शेख वाशिमकडून खेळला तोही याच वाटेने. तरीही मथळा ‘नांदेडच्या पैलवानाची पंचाला लाथ’ अशा धर्तीवर बनतो, आणि ज्याला ही व्यवस्था ठाऊक नाही त्या वाचकाच्या मनात कृतीबरोबर एका जिल्ह्याचे नावही नोंदले जाते. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाकडे त्या नावाभोवती आधीच जमलेली काही चित्रे असतात, मागासलेपणाची, रांगडेपणाची, तापट डोक्याची, आणि नवी बातमी त्या चित्रांना येऊन मिळते. वास्तविक कुस्तीच्या शिस्तीत मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली औरंगाबादला झाली; निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले व पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी एक पिढी घडवली; लातूरचेच अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या कात्रजच्या तालमीत तर स्वतः शिवराज राक्षे घडला. ज्या भागातल्या वस्तादांनी राज्याला शिस्त शिकवली, त्या भागाची आठवण बेशिस्तीच्या बातमीतून व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे.

आता याच स्पर्धेतील, त्याच्या दोन वर्षे आधीच्या एका प्रसंगाकडे वळावे लागते, कारण त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय २०२५ च्या घटनेचा अर्थ पुरता उलगडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत गायकवाडने बाहेरची टांग हा डाव टाकला आणि त्याला चार गुण मिळाले. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला तर दोन गुण आणि त्याला उचलून टाकताना त्याची पाठ गादीकडे वळून तो धोक्याच्या स्थितीत आला तर चार गुण, असा साधारण नियम आहे. सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता का, एवढाच खरा तांत्रिक प्रश्न होता. सिकंदर हरला. त्याने पंचाला हात लावला नाही. परंतु पुढचे अनेक दिवस समाजमाध्यमांवर चर्चा चालली ती मुख्यतः त्याच्या धर्माभोवती. मुसलमान म्हणून त्याला डावलले असे एका बाजूने, तर मुसलमान म्हणून त्याचा कैवार घेतला जातो असे दुसऱ्या बाजूने म्हटले गेले, आणि पंचांना धमकीचे फोन येण्यापर्यंत मजल गेली. कुस्ती क्षेत्रातील जाणत्यांना जातधर्म आखाड्यात आणू नका, असे जाहीर आवाहन करावे लागले. त्या वर्षी गदा शिवराज राक्षेने जिंकली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे सिकंदरने राक्षेलाच हरवून महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला.

दोन्ही प्रसंगांत पंचाच्या निर्णयावरच वाद होता. २०२५ मध्ये राक्षेने हात आणि पाय उचलला, तरी सार्वजनिक चर्चेत त्याच्या धर्माचा विषय निघाला नाही. चर्चा झाली ती अन्यायाची, पंचांच्या पात्रतेची, संघटनांच्या भांडणाची आणि उमेदीच्या वर्षांतल्या खेळाडूवर आलेल्या ताणाची. हे योग्यच होते, कारण माणसाच्या कृतीची कारणे परिस्थितीत शोधणे हा न्यायाचा पहिला भाग आहे. प्रश्न असा आहे की हा न्याय सर्वांना मिळतो का. २०२३ मध्ये ज्याने काहीच वावगे केले नाही, त्याच्या पराभवालाही धर्माची पाटी लागली. बहुसंख्याक समाजातील व्यक्तीची चूक ही त्या व्यक्तीची असते, आणि अल्पसंख्य किंवा खालच्या मानलेल्या समाजातील व्यक्तीचे यश, अपयश आणि चूक हे सारे तिच्या समाजाच्या खात्यात मांडले जाते. ज्याची ओळख सांगावी लागत नाही आणि ज्याची ओळख प्रत्येक वाक्यात येते, अशा दोन प्रकारचे नागरिक बातमीत तयार होतात.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ साली या प्रवृत्तीचे वर्णन केले आहे. आपल्या गटातल्या माणसाने चूक केली तर आपण ती परिस्थितीवर टाकतो, म्हणजे त्याला डिवचले होते, तो थकला होता, तो तरुण आहे असे म्हणतो. परक्या गटातल्या माणसाने तीच चूक केली तर ती त्याच्या मूळ स्वभावावर टाकतो, आणि त्याने काही चांगले केले तर तो अपवाद ठरवतो. ही मनाची सवय सर्व समाजांत आढळते. माध्यमांचा प्रश्न असा, की ती सवय मोडायची की तिला रोज खतपाणी घालायचे.

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. दोषारोपाची भाषा गैरवर्तनाच्या दिवशी जन्माला येत नाही. ती कौतुकाच्या दिवसांत तयार झालेली असते. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या सहकार्याने ‘रन रिपीट’ या संस्थेने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपातील चार मोठ्या स्पर्धांच्या ८० सामन्यांतील इंग्रजी समालोचनाची तपासणी करण्यात आली. खेळाडूच्या बुद्धिमत्तेविषयी जी स्तुती झाली, तिच्यातील ६२.६ टक्के स्तुती उजळ त्वचेच्या खेळाडूंच्या वाट्याला आली होती, आणि बुद्धीविषयीच्या टीकेतील ६३.३३ टक्के टीका गडद त्वचेच्या खेळाडूंवर झाली होती. शारीरिक ताकदीविषयी बोलताना मात्र समालोचक गडद त्वचेच्या खेळाडूंचा उल्लेख ६.५९ पट अधिक करीत होते. यांतील कोणताही समालोचक मैदानावर शिव्या देत नव्हता. बहुतेकांना आपण स्तुतीच करतो आहोत असे वाटत असणार. पण ज्याचे शरीर सतत वाखाणले गेले आणि ज्याचे डोके कधी वाखाणले गेले नाही, त्याच्या हातून आततायी कृत्य घडले की ‘डोके नाही, नुसती ताकद आहे’ हा निष्कर्ष श्रोत्याच्या ओठांवर तयार असतो.

मराठी क्रीडापानांची शब्दकळा याच कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे. ग्रामीण पैलवान जिंकला की तो रांगडा, लाल मातीतला, वाघाच्या काळजाचा असतो. मराठवाड्यातला असेल तर दुष्काळाच्या छाताडावर उभा राहिलेला असतो. सिकंदर शेखच्या विजयाच्या बातम्यांत तो ‘हमालाचा मुलगा’ होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून तर लातूरच्या कोणत्याही खेळाडूची ओळख करून देताना त्या पाण्याच्या गाडीचा उल्लेख करण्याचा मोह अनेक लेखण्यांना आवरत नाही. गरिबी आणि दुष्काळ खरेच आहेत आणि त्यांवर मात करणाऱ्यांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु त्या कौतुकात पैलवानाची डावांची जाण, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, वजन राखण्याचे शास्त्र, वस्तादाने वर्षानुवर्षे लावलेली शिस्त, यांना किती ओळी मिळतात हे मोजावे. लेखणीने ज्याला आयुष्यभर मातीचा आणि रगेचा माणूस म्हणून रंगवले, त्याचा तोल गेल्यावर ‘रांगडा’ या शब्दाचा ‘रानटी’ व्हायला एक रात्र पुरते. शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूचा संताप ‘जिंकण्याची जिद्द’ म्हणून नोंदला जातो, कारण त्याच्याविषयीच्या आधीच्या लेखांत जिद्द, नियोजन आणि स्वभावातले पैलू यांची तयारी झालेली असते.

जगभरच्या घटनांत हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. २४ सप्टेंबर १९८८ रोजी सेऊल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनने १०० मीटरची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली तेव्हा तो कॅनडाचा राष्ट्रनायक होता. तीन दिवसांत उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरला आणि कॅनडाच्या वृत्तांकनात त्याच्या जमैकातील जन्माची आठवण ठळकपणे होऊ लागली. गुन्हा त्याने केलाच होता. पण पदक देशाचे आणि कलंक मात्र स्थलांतरिताचा, ही वाटणी नियमपुस्तिकेने केलेली नव्हती. जून १९९४ मध्ये माजी अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याला खुनाच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा मुद्दाम अधिक काळा करण्यात आला होता, आणि टीका झाल्यावर संपादकांना त्याचा खुलासा करावा लागला. दोन मुखपृष्ठे शेजारी ठेवली की छायाचित्रावर फिरलेला हात कोणालाही दिसतो. एरवी तो दिसत नाही.

सेरेना विल्यम्सचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ८ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकाकडून सूचना घेणे, रॅकेट आपटणे आणि पंचांना उद्देशून अपशब्द वापरणे, अशा तीन आरोपांवरून पंच कार्लोस रामोस यांनी तिच्यावर कारवाई केली आणि तिला १७ हजार डॉलर दंड झाला. नियमानुसार कारवाई होऊ शकत होती, यात शंका नाही. मात्र मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’ने छापलेल्या व्यंगचित्रात तिचे ओठ, केस आणि शरीर ज्या पद्धतीने फुगवून रंगवले होते, त्या पद्धतीला कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या जुन्या अमेरिकन चित्रांची परंपरा होती, आणि ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये त्या चित्राने निकषांचा भंग होत नाही असा निर्णय दिला, तरी जगभरातील अनेक वाचकांना तो पटला नाही. जॉन मॅकेन्रो याला १९९० च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेतून गैरवर्तनासाठी थेट बाद करण्यात आले होते. त्याचे आकांडतांडव पुढे त्याची लाडकी ओळख बनले आणि तो लोकप्रिय समालोचक झाला. गोऱ्या पुरुषाचा राग आणि काळ्या स्त्रीचा राग यांना स्मृतीत मिळालेल्या जागा वेगळ्या आहेत.

भारतीय क्रिकेटमध्ये महंमद अझरुद्दीनच्या प्रकरणाने हाच प्रश्न उभा केला. १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात नांदेड आणि लातूर होते, त्या हैदराबादचा हा कर्णधार अनेक वर्षे देशाचा लाडका होता. सामनेनिश्चितीच्या प्रकरणात डिसेंबर २००० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने अझरुद्दीन आणि अजय शर्मा यांच्यावर आजीवन, तर अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. आपण अल्पसंख्य समाजातले असल्यामुळे लक्ष्य झालो, असे अझरुद्दीनने म्हटले तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. सर्वांवरचे आरोप सारख्या स्वरूपाचे नव्हते, आणि आजीवन बंदी झालेल्यांत एक हिंदू खेळाडूही होता, त्यामुळे शिक्षा केवळ धर्मामुळे झाली असे म्हणता येणार नाही. तपासातील निष्कर्षांकडे डोळेझाक करून त्याला निव्वळ बळी ठरवणेही अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु बंदीनंतरच्या वाटा पाहाव्यात. जडेजावरील बंदी २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उठवली आणि तो दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा जाणकार म्हणून स्थिरावला. अझरुद्दीनवरील बंदी बेकायदा ठरवणारा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, तेव्हा त्याचे क्रिकेट कधीच संपले होते आणि आरोपाच्या बातमीने जेवढी जागा व्यापली होती, तेवढी या निकालाच्या बातमीला मिळाली नाही.

मुंबईच्या विनोद कांबळीविषयी मराठी माणसांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी असलेला हा फलंदाज शेवटची कसोटी खेळला तेव्हा २३ वर्षांचा होता, आणि गेली तीस वर्षे त्याची कथा एका गुरूच्या दोन शिष्यांपैकी वाया गेलेला शिष्य अशीच सांगितली जाते. त्याच्या उणिवा खऱ्या होत्या. पण कांजूरमार्गच्या वस्तीतून आलेल्या तरुणाला अचानक मिळालेला पैसा आणि प्रसिद्धी सांभाळायला कोणते आधार उपलब्ध होते, हा प्रश्न त्या बोधकथेत विचारलाच जात नाही.

याच विषयाची दुसरी बाजू अशी, की हक्काची मागणीही अनेकदा गैरवर्तन म्हणून नोंदली जाते. पुण्यात चेंडू टाकून नावारूपाला आलेला चर्मकार समाजातील क्रिकेटपटू पालवणकर बाळू याला तिथे खेळत असताना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन तो परतला, तरी धर्मवार संघांच्या त्या काळच्या स्पर्धेतील हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे दिले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. कोणत्याही काळात संघ सोडणे ही शिस्तभंगाची बाब ठरते. येथे मात्र ती माघार जातीच्या अन्यायाविरुद्धची कृती होती, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये विजयमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांना संघातून घरी पाठवण्यात आले आणि आज त्यांचे पुतळे उभे आहेत. २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकला पुढच्या हंगामापासून कोणत्याही संघाने घेतले नाही. बेशिस्त कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांच्याच विरुद्ध तक्रार असेल तर तक्रारीचे नाव बेशिस्त पडते.

कधी तर गैरवर्तनाचीही गरज लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारतीय महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा संघातील वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुबईत क्रिकेटमध्ये पाकिस्तानकडून पराभव झाल्यावर अकरा जणांच्या संघातून महंमद शमीला वेगळे काढून त्याच्या निष्ठेवर संशय घेतला गेला.

हे सारे बदलण्यासाठी बातमी कुठे आणि कोणाच्या हातून तयार होते, ते पाहावे लागते. दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ पदांवरील व्यक्तींची २००६ साली पाहणी झाली, तेव्हा त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वृत्तसंस्थांमधील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे उच्चवर्णीयांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींचा कोणीही त्यांत नव्हता. उच्चवर्णीय पत्रकार निष्पक्ष असू शकत नाही, असा याचा अर्थ नाही. परंतु ज्या खोलीत सगळ्यांचे बालपण साधारण सारखे गेले आहे, तिथे कोणता शब्द कोणाला लागतो हे लक्षात आणून देणारा माणूस नसतो. त्यात जिल्ह्याच्या बातमीचा प्रवास पाहिला तर अडचण वाढते. तालुक्याचा वार्ताहर मानधनावर काम करतो, तोच पाण्याची, बाजारभावाची आणि कुस्तीची बातमी देतो. त्याने लिहिलेले सविस्तर वृत्त मोठ्या शहरातल्या टेबलावर कापले जाते आणि मथळा असा माणूस देतो ज्याने लढत पाहिलेली नसते. आता त्यावरही मोबाइलवरच्या चित्रफितींनी मात केली आहे, आणि त्यांना तर संपादकच नसतो.

तरीही आखाड्याने स्वतःचा एक आदर्श दाखवून दिला आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पंजाब पोलिसांनी सिकंदर शेख याला शस्त्रांच्या प्रकरणात अटक केली. हा आरोप आहे. त्यावर काय ते न्यायालय ठरवील, आणि तोपर्यंत त्याला दोषी वा निर्दोष म्हणण्याचा अधिकार कोणत्याही वृत्तपत्राला नाही. अटकेची बातमी देशभर झळकत असताना महाराष्ट्रातील कुस्ती क्षेत्रातले अनेक जण, जातधर्माचा विचार न करता, त्याच्या बाजूने बोलले आणि चौकशी निष्पक्ष व्हावी एवढी मागणी करीत राहिले. पुढे त्याला जामीन मिळाला. ज्यांनी त्याला पहाटेच्या मेहनतीत, हार पचवताना आणि जोडीदाराला उचलून घेताना पाहिले होते, त्यांना त्याच्याकडे एका समाजाचा नमुना म्हणून पाहणे शक्य नव्हते. सिकंदर जिथे घडला त्या कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जे त्याच्याबाबत घडले, ते वृत्तपत्राच्या पानावर सर्वच खेळाडूंबाबत घडू शकते, कारण पत्रकाराचे काम मुळात जवळून पाहण्याचेच आहे.

नांदेड आणि लातूर येथे निघणाऱ्या जिल्हा आवृत्त्यांनी त्याची सुरुवात करावी. खेळाडूच्या गैरवर्तनाची बातमी देताना कोणता नियम मोडला, त्या नियमात शिक्षा किती आहे, निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागता येते, हे त्याच बातमीत लिहावे. आरोपीची जात किंवा धर्म कृतीशी संबंध नसेल तर लिहू नये. आणि चौकशी समितीचा अहवाल किंवा न्यायालयाचा निकाल येईल तेव्हा तो आरोपाची बातमी ज्या पानावर, ज्या आकारात छापली होती, त्याच पानावर, त्याच आकारात छापावा. वाचकांनीही पाच सेकंदांची चित्रफीत पुढे पाठवण्याआधी पूर्ण लढत पाहावी, आणि वर्तमानपत्राकडे निकालाची बातमी मागावी.